आधी क्रँक, मग रंग

जुनी मोटरसायकल घरच्या घरी बनवायला घेतली की पैसे कमी पडणार हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. असलेले पैसे आधी कुठे घालायचे, यावर मात्र एका घरातसुद्धा एकमत होत नाही. आमच्या घरात मी आणि माझे मामा यांच्यात हा वाद झाला, आणि तो वाद झाला म्हणूनच गाडीचं काम नीट झालं असं माझं मत आहे. जुनी गाडी बनवायला निघालेल्या प्रत्येकाने अशा एखाद्या जाणत्या विरोधकाशी आधी भांडून घ्यावं, म्हणून हे लिहिते आहे.

गाडी १९८४ ची येझदी रोडकिंग. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर जावा निघत असे, पुढे त्याच घराण्यातली गाडी येझदी नावाने आली. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. किक मारायची दांडी दुमडली की तीच गिअरची दांडी होते. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला आणि कंपनीकडून सुटे भाग मिळण्याची वाट संपली. आता बाजारात आलेल्या नव्या जावा-येझदी चार स्ट्रोकच्या आहेत. त्यांचं इंजिन वेगळं, त्यातलं काही या गाडीला बसत नाही.

मामांचं सगळं आयुष्य कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग मशीनवर गेलं. मी एका पतसंस्थेत हिशेब लिहिते. मामांना गाडी कळते, मला तीस हजार रुपये कुठे संपतात ते कळतं.

मामा : करायची तर कारखान्यातून आली तशी करायची. नट न् नट सुटा करून, चासी उघडी करून, सगळं क्रोम नव्यानं चढवून. नाहीतर हात लावू नकोस. ताडपत्री टाक आणि ठेव. अर्धवट बनवलेल्या गाड्या मी आयुष्यभर बघितल्या. वरून चकाचक, आत सगळा खुळखुळा.

मी : मामा, वरून चकाचक मला नकोच आहे. मला ती चालायला हवी. घर ते पतसंस्था रोज, आणि रविवारी पन्हाळ्यापर्यंत. पैसे तीस हजार, तेही वर्षभरात थोडे थोडे येणार. त्यात रंग आणि क्रोम धरलं तर इंजिनाला काय राहील?

मामा : म्हणजे गंजकी गाडी फिरवणार.

मी : गंज थांबवणार. सैल गंज वायर ब्रशनं काढायचा, जिथे मूळ रंग टिकलाय तिथे तो साफ करून मेण लावायचं. टाकीवरचा रंग कारखान्यातला आहे. एकदा पॉलिश पेपर फिरवला की तो गेला, कितीही पैसे दिले तरी परत येत नाही. नवा रंग काय, दहा वर्षांनीही देता येईल.

मामा : टाकीचं सोड. चासीचं बोल. ऊन-पावसानं उडालेला रंग लोखंड राखत नाही. आपल्याकडचा पाऊस चार महिने. नळीला पापुद्रे धरले की स्टँडच्या जोडापाशी लोखंड खाल्लं जातं, आणि ते तुला ग्रीसच्या थराखाली दिसणार नाही. रंग हा नुसता दिसण्यापुरता नसतो गं.

हा मुद्दा मला मान्य करावाच लागला. चासी धुऊन, ग्रीस खरवडून, जोड न् जोड तपासून तिला प्रायमर आणि काळा रंग द्यायचा, तोही घरीच, ब्रशने, असं ठरलं. टाकी आणि डाव्या-उजव्या बाजूचे पत्रे तसेच ठेवायचे. मामांना ब्रशचा रंग पटला नाही. पंप लावून ओव्हनमध्ये भाजलेला रंग टिकतो, हे त्यांचं म्हणणं खरंही आहे. पण त्यासाठी चासी आधी वाळूच्या माऱ्याने सोलतात, आणि तिथे मला दुसरीच भीती होती.

मी : मामा, हँडलखालच्या नळीवर चासी नंबर ठोकलेला आहे. अंक आधीच पुसट झालेत. वाळूचा मारा बसला, किंवा रंगाऱ्यानं त्यावर पुट्टी भरली, तर आरटीओला काय दाखवायचं?

मामा : ते खरं. मशीनवाला नंबर झाकत नाही, त्याला सांगावं लागतं. सांगितलं तरी पोरगं विसरतं.

मी : मग भाजलेला रंग नको. इंजिनाचा नंबर क्रँककेसवर आहे, त्यामुळे केसही बदलायची नाही. आरसी पुस्तकात जे लिहिलंय ते लोखंडावर वाचता आलं पाहिजे.

क्रोमच्या बाबतीत मात्र मामा ऐकायला तयार नव्हते. रिम, हँडल, सायलेन्सर, हेडलाइटचं कडं हे सगळं चमकलं पाहिजे, ही त्यांची अटच.

मामा : येझदीचे दोन सायलेन्सर चमकले नाहीत तर ती येझदी कसली?

मी : क्रोमवाल्याला मी विचारून आले. स्वस्तातला दर आहे, पण तो खाली तांबं देत नाही, निकेलही जेमतेम देतो.

मामा : तसलं करायचंच नाही! आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम. क्रोमचा थर कागदाहून पातळ असतो, पाणी अडवतं ते खालचं निकेल. निकेल कमी दिलं की एका पावसाळ्यात लोखंड फुटून वर येतं.

मी : आणि पूर्ण पद्धतीनं केलं तर?

मामा : महाग पडेल.

मी : म्हणजे स्वस्तातलं तुम्हाला चालत नाही आणि चांगलं मला परवडत नाही. मग आत्ता नकोच. रिमला आतून गंज किती खोल आहे ते स्पोक काढून बघू. आऱ्याच्या भोकाशी लोखंड पातळ झालं असेल तर रिम बदलायची, चमकवायची नाही.

मामा गप्प बसले. पटलं नव्हतं, पण त्यांच्याच तोंडून निघालेला हिशेब त्यांना खोडता येईना.

इंजिनाकडे आलो तेव्हा बाजू उलटल्या. इथे काटकसर मी करत होते आणि मामा मला करू देत नव्हते. माझी योजना सोपी होती. इंजिन जाम नव्हतं, किक फिरत होती. कार्बोरेटर साफ करायचा, पॉइंट घासून फट ०.४ मिलिमीटरला लावायची, नवा प्लग, नवं पेट्रोल, आणि चालू होतं का बघायचं. चालू झालं तर इंजिन उघडायचंच कशाला?

मामा : चालू होईल. पन्नास किलोमीटर पळेल. मग भर रस्त्यात पिस्टन धरेल आणि मागचं चाक लॉक होईल. तेव्हा तुझे तीस हजार कुठे असतील, आणि तू कुठे असशील?

मी : कशावरून?

मामा : दोन स्ट्रोकचं इंजिन आहे. पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये येते, मग वर जाते. म्हणजे क्रँककेस हवाबंद पाहिजे. क्रँकच्या दोन्ही बाजूंना रबराचे ऑइल सील असतात. इतकी वर्षं उभ्या गाडीत ते वाळून लाकूड झालेले असतात. डायनामोच्या बाजूचा सील गेला की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं. पेट्रोल कमी म्हणजे त्यातलं ऑइलही कमी. पिस्टन तापतो आणि सिलिंडरला चिकटतो. क्लचच्या बाजूचा गेला तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं. खाली एक थेंब गळत नाही, तरी ऑइल कमी होतं आणि सायलेन्सर पांढरा धूर टाकतो.

मी : सील रबराचे आहेत, स्वस्त आहेत. तेवढे बदलू.

मामा : तिकडे पोचायला काय काय काढावं लागतं माहीत आहे? आणि तिथवर गेलीस तर क्रँक न बघता परत बंद करणार? हेड काढ. दाखवतो.

हेडचे नट सोडले, सिलिंडर वर ओढून काढला. मामांनी सगळ्यात आधी क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलं, वॉशर किंवा क्लिप आत पडू नये म्हणून. पिस्टनच्या पिनची क्लिप काढली आणि बाजूला टाकली, ती पुन्हा वापरायची नाही असं बजावून. पिस्टन उतरल्यावर कनेक्टिंग रॉड उघडा उभा राहिला. मामांनी क्रँक फिरवून रॉड सगळ्यात वर आणला आणि माझी बोटं त्यावर ठेवली. "आधी डावी-उजवीकडे हलव." रॉड थोडा हलला. "एवढं पाहिजेच, त्याला घाबरायचं नाही. आता सरळ वर ओढ आणि खाली दाब. तिरकं नको." मी ओढलं. बोटाला अगदी बारीक, पण स्पष्ट टक् लागलं. डोळ्यांना काहीच दिसलं नव्हतं. मामांनी फडक्याला हात पुसले आणि एवढंच म्हणाले, "वर-खाली अजिबात चालत नाही."

माझ्या वहीत इंजिनासाठी १२,००० रुपये होते. त्या टक् नंतर ते १८,००० झाले. क्रँकची पिन दाबून काढायला हायड्रॉलिक प्रेस लागतो, नवा रॉड आणि बेअरिंग बसवल्यावर दोन्ही चक्र एका रेषेत आहेत का ते डायल गेजवर बघत ठोकून जुळवावं लागतं. हे काम घरी होत नाही. गाडी घरी बनवणारा पैसे वाचवतो ते उघडणं, धुणं, घासणं, जोडणं या कामांत. दाबण्याचं आणि कातण्याचं काम उद्यमनगरात, ज्याचा हात त्यात बसला आहे त्याच्याकडेच द्यायचं. यावर आमच्यात वाद उरला नाही.

मी : मग एक सांगा मामा. १८,००० इंजिनात गेले. १२,००० उरले. त्यात दोन टायर, ट्यूबा, ब्रेकचे लायनर, सगळ्या केबल, वायरिंग, कागदपत्रं. क्रोम कुठे बसवता?

मामा : टायर अजून नक्षीदार आहेत की. ते पुढच्या वर्षी घे.

मी : टायरच्या बाजूवर लंबगोलात शेवटी आकडे असतात, ते वाचलेत? चार आकडे असतील तर पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. या मागच्या टायरवर तीनच आकडे आहेत. तीन आकड्यांची पद्धत २००० सालाआधीची. रबर पंचवीस वर्षांहून जुनं आहे, नक्षी कितीही असू दे.

मामांनी गुडघ्यावर बसून बॅटरीच्या उजेडात ते आकडे स्वतः वाचले. टायरला हाताने दाबून खोलवर गेलेल्या भेगा बघितल्या. आयुष्य इंजिनात गेलेल्या माणसाला टायर ही दुय्यम गोष्ट वाटते, हे मी आणखीही काही मिस्त्रींच्या बाबतीत पाहिलं आहे. त्यानंतर क्रोमचा विषय त्यांनी "आत्ता नको" इथवर आणला. "नको" असं ते आजही म्हणत नाहीत.

सिलिंडरचं काम मामांनी स्वतः जाऊन करून घेतलं. बोअर ६५ मिलिमीटरचा. गेज घालून वर, मध्ये, खाली आणि आडवं-उभं मापलं. अंडाकार झाला होता. इथे मला एक सवय मोडावी लागली. मी आधी बोअर करून मग पिस्टन आणायला निघाले होते, कारण दुकान पुण्याला होतं.

मामा : आधी पिस्टन आण. हातात पिस्टन आल्याशिवाय मी सिलिंडर मशीनवर चढवत नाही. ओव्हरसाइजचा आकडा डब्यावर छापलेला असतो, पण दोन पिस्टन सारखे नसतात. पिस्टन मोजून त्याच्या मापानं बोअर करायचा. आणि लागेल तेवढाच. दर बोअरला सिलिंडरचं आयुष्य एक पायरी कमी होतं. मूळ सिलिंडर परत मिळायचा नाही.

मग मी पुण्याला गेले. नाना पेठेत दुकानं, आणि रविवारी मंगळवार पेठेतला जुना बाजार. निघताना आमचा पुन्हा खटका उडाला. मामांना सगळे भाग मूळ कंपनीचे हवे होते, मला स्वस्त हवे होते. फिरल्यावर मला जे दिसलं ते दोघांच्याही म्हणण्यात बसत नव्हतं. जुन्या स्टॉकमधला कोरा माल अजून मिळतो, पण त्यातलं रबर घेण्यात अर्थ नाही. डब्यात बंद राहिलेला ऑइल सीलही वाळतोच. रबर, केबल, ब्रेकचे लायनर हे आत्ता बनलेलं घ्यावं. उलट गिअर, किकची शाफ्ट, दांड्या हे लोखंडी भाग जुने असले तरी कारखान्यातलेच बरे. नव्या नकली भागांचं लोखंड मऊ निघतं, किकच्या शाफ्टचे दाते काही महिन्यांत गोल होतात. दाते शाबूत असलेली जुनी शाफ्ट मी जुन्या बाजारातून आणली. मामांनी ती नखाने तपासली आणि ठेवून घेतली. मला तेवढं पुरेसं होतं.

घरच्या कामांत सगळ्यात जास्त वेळ टाकीने घेतला. आतलं पेट्रोल सुकून डिंक झालं होतं, तळाला गंज. पांढरं व्हिनेगर भरून ठेवलं, मध्ये मध्ये बारीक खडी घालून हलवलं, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतलं, उन्हात पूर्ण वाळवलं आणि लगेच आतून ऑइल फिरवलं. मधे अर्धा दिवस गेला तरी पुन्हा तांबूस थर धरतो. टाकीला एक बारीक भोक निघालं. ते वेल्डिंगने बुजवायचं शेजाऱ्याने सुचवलं, तेव्हा मामा आणि मी एकदम नाही म्हणालो. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत पेट्रोलची वाफ असते आणि ती फुटते. हे काम टाकीत पाणी भरून, जो नेहमी टाक्याच करतो त्याच्याकडूनच करून घ्यायचं. सायलेन्सरच्या आतल्या नळ्या कॉस्टिक सोड्यात भिजवल्या. त्या लोखंडी आहेत म्हणून चाललं, ॲल्युमिनियमचं हेड किंवा पिस्टन त्यात टाकला तर सोडा धातूच खातो. कार्बोरेटरच्या जेटमध्ये सुई घालायची नाही, भोक मोठं होतं. फुंकून आणि पेट्रोलने धुऊनच साफ करायचं.

बेअरिंग बसवण्याच्या दिवशी मामींची मदत झाली. मामांनी बेअरिंग पिशवीत बांधून रात्रभर मामींच्या फ्रीजरमध्ये ठेवली होती. सकाळी क्रँककेस तापवली आणि गार बेअरिंग नुसती आत सोडली. हातोडा लागलाच नाही. धातू तापला की फुगतो, गार झाला की आकसतो, इतक्या साध्या नियमावर केसची जागा शाबूत राहते. ठोकून बसवलेली बेअरिंग केसचं भोक कायमचं सैल करते.

मामींचा स्वतःचा आक्षेप वेगळाच होता आणि तो मला गंभीर वाटतो. दोन स्ट्रोकचं इंजिन ऑइल जाळतं, न जळलेलं पेट्रोलही बाहेर टाकतं. गल्लीत लहान मुलं आहेत. यावर मामांकडे उत्तर नव्हतं. मी काढलेलं उत्तर अपुरं आहे, पण प्रामाणिक आहे. चांगलं टू-टी ऑइल वापरायचं, लिटरला ४० मिलि हे माप भांड्याने मोजून घालायचं, अंदाजाने कधीच नाही, कार्बोरेटर नीट लावायचा, पीयूसी काढायची, आणि गाडी दारात उभी करून तापवत बसायचं नाही. रोज पतसंस्थेत जाण्याचा विचार मी सोडला. आठवड्यातले दोनच दिवस ही गाडी काढते.

कागदांचा भाग थोडक्यात सांगते, कारण तो कंटाळवाणा आहे, पण चुकवता येत नाही. नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. पंधरा वर्षांवरच्या दुचाकीसाठी हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० रुपये झालं, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकीसाठी २,००० झालं. त्यावर पर्यावरण कर, उच्च सुरक्षा नंबर प्लेट आणि विमा. मामांना वाटत होतं, थोडी वर्षं थांबलं की गाडी व्हिंटेजमध्ये बसेल.

मी : व्हिंटेजचा नियम २०२१ चा आहे मामा. गाडी पन्नास वर्षांची हवी, म्हणजे आपली २०३४ मध्ये. नव्या नोंदणीला २०,००० रुपये. आणि त्या नंबरावर रोजच्या वापराला गाडी रस्त्यावर काढता येत नाही.

मामा : मग काय उपयोग?

मी : मेळाव्याला नेता येते, प्रदर्शनात लावता येते. तुम्हाला हवी तशी.

मामा : मला चालणारी गाडीच पाहिजे. फक्त ती चमकली पाहिजे, एवढंच.

आता येझदी चालते. टाकीवरचा रंग जुना आहे, सायलेन्सरवर गंजाचे ठिपके आहेत, चासी काळी आणि ब्रशच्या खुणा असलेली आहे. ब्रेक धरतात, टायर नवे आहेत, वायरिंगला फ्यूज आहे, इंजिन गरम झाल्यावरही एका आवाजात चालतं. माझा निकाल असा : पैसे कमी असतील तर हट्ट इंजिनाच्या आत धरावा आणि बाहेर सोडावा. मामांचा हट्ट दोन्हीकडे होता. त्यातला आतला अर्धा मी पूर्ण मानला आणि बाहेरचा अर्धा पुढे ढकलला. क्रोमसाठी वहीत वेगळं पान काढलं आहे, त्यात दर महिन्याला थोडी रक्कम पडते. तीन थरांचंच होईल, नाहीतर होणार नाही.

तुमच्या घरात अशी एखादी गाडी उभी असेल तर काम पुढच्या वर्षी सुरू करा, पण तीन गोष्टी याच आठवड्यात उरकून टाका. टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढा. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि ते पाणी टाकीच्या तळाला बसून पत्रा खातं. चासी आणि इंजिनाचा नंबर साफ करून त्याचा फोटो काढा आणि पुस्तकाशी ताडून बघा. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि इंजिन हाताने हळूच फिरवा. या तीन कामांना मिळून शंभर रुपयेसुद्धा लागत नाहीत.